खालची भिंत

"अंगात गरम लागेल. लघवी झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही. घाबरायचं नाही आणि हलायचं नाही."

हे वाक्य मी दिवसातून दहा-बारा वेळा म्हणायची. त्या दिवशी टेबलावर झोपलेला माणूस माझा बाप होता, म्हणून शेवटी 'आबा' एवढा एक शब्द जास्तीचा लागला. हात डोक्याच्या वर, दंडात सुई, छातीवर चिकटवलेल्या वायरी. तीस वर्षं भट्टीची धग तोंडावर घेतलेला माणूस त्या गार खोलीत कुडकुडत होता आणि मला विचारत होता, की ह्या बोगद्याला पलीकडून वाट आहे का. मी म्हटलं, आहे. काचेमागं जाऊन बटण दाबलं, माइकवरून श्वास रोखायला सांगितलं, तर त्यांनी तो असा रोखला की सोडा म्हटलं तरी सोडेनात. नदीत बुडी मारायची सवय.

आबा म्हणजे ज्ञानू चौगुले. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम करायचे. मे महिन्यात भट्टीसमोर त्यांना घेरी आली, हात छातीवर गेला आणि कारखान्यानं त्यांना तपासणीला पाठवलं. मी ज्या सेंटरमध्ये सीटी टेक्निशियन होते, नेमकं तिथंच. आई म्हणत होती, एकादशी होती, पोटात काही नव्हतं, म्हणून घेरी आली. पण आईचं कोण ऐकतंय. सेंटर डॉक्टर विश्राम हुपरीकरचं. आता बारा वर्षं झाली, तरी त्याला 'ते' म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा इथंही तो 'तो'च राहील.

त्यानं सहा महिन्यांपूर्वी नवं मशीन आणलं होतं. जुन्या मशीनमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्या दिसायच्या. आम्ही त्यांना आपसात नळ्या म्हणायचो. नव्यात त्याच्या पुढचं दिसायचं. नळ्यांतून आलेलं रक्त हृदयाच्या स्नायूत कुठं किती पोचतं, ते. औषध देऊन हृदयाला पळायला लावायचं, शिरेतून डाय, म्हणजे चित्रात उठून दिसणारं औषध, सोडायचा, की मशीन स्नायूच्या तुकड्यातुकड्याचा आकडा काढायचं आणि त्याला रंग द्यायचं. लाल म्हणजे भरपूर, पिवळा म्हणजे बरं, निळा म्हणजे कमी. हुपरीकरच्या टेबलाच्या काचेखाली एका परदेशी लेखाचं पान होतं. आकडा शंभराच्या खाली गेला की आजार समजावा, असं त्यात होतं. ते मशीन निराळं, ती माणसं निराळी. पण काचेखाली गेलेला कागद आपल्याकडं देव होतो.

आबांच्या नळ्या स्वच्छ निघाल्या. पुढची भिंत लालभडक, बाजूची पिवळी. पण हृदयाची खालची भिंत, छाती आणि पोटामधल्या पडद्यावर टेकलेली ती, तिथं शाईचा हात लागावा तसा एक निळा डाग होता. आकडा एक्याण्णव.

मी तोवर शंभरेक माणसं त्या मशीनमधून काढली होती, आणि खालच्या भिंतीचा तो निळा रंग मला ओळखीचा झाला होता. तक्रार नसलेल्यांचा, नळ्या स्वच्छ असलेल्यांचा, हसतखेळत घरी गेलेल्यांचा. म्हणून मी बोलले. खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर होते आणि फौंड्रीचे कामगार अधिकारी खराडेसाहेब होते.

"सर, खालची भिंत बऱ्याच जणांची अशीच दिसते. ज्यांना काही नसतं त्यांचीसुद्धा."

हुपरीकर खुर्चीतल्या खुर्चीत वळला. रागावला असता तर मला चाललं असतं. तो हसला.

"बाप आहे म्हणून तुला तसं वाटतंय. इंदुमती, तू बटणं दाब. हृदय वाचायला मी आहे."

शिकाऊ दोघं हसले. खराडेसाहेबांनीही हसून घेतलं, मोठ्या माणसाबरोबर हसावं लागतं तेवढं. मग नळ्या स्वच्छ असताना रक्त कमी कसं, याचं उत्तर हुपरीकरनं त्यांना दिलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार. जे दिसत नाही त्याच्याशी कोण भांडणार? रिपोर्टमध्ये त्यानं लिहिलं, 'हृदयाच्या खालच्या भागास रक्तपुरवठा कमी. जड काम, जड उचलणे, उष्णतेजवळ काम व पोहणे वर्ज्य.' पोहणं त्याला कुठून सुचलं? आबांनीच त्याला कौतुकानं सांगितलं होतं, की मी रोज पहाटे भोगावती आरपार पोहून येतो.

आबांना भट्टीवरून काढून गेटवर बसवलं. खाकी शर्ट, शिट्टी आणि ये-जा लिहायचं रजिस्टर. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं आता त्यांच्यासमोरून आत जायची आणि वाकून म्हणायची, ज्ञानूअण्णा, जपा. शर्टाच्या खिशात जिभेखाली धरायच्या गोळ्यांची डबी आली. आईनं भाजीतलं मीठ आणि तिखट काढलं, आणि स्वतःही तसलंच खायला लागली. गावातल्या निम्म्या पोरांना पाठीला डबे बांधून आबांनी पोहायला शिकवलं होतं. पहिले काही महिने ते काठावर बसून ओरडून शिकवायचे. मग तेही बंद झालं. जिना चढताना ते तिसऱ्या पायरीवर थांबायचे आणि छातीला हात लावून आत काही होतंय का ते ऐकायचे. काही होत नसायचं. पण जो माणूस सारखा कान लावून बसतो, त्याला काहीतरी ऐकू येतंच.

मी डूख धरला. सापिणीबद्दल जे जे म्हणतात ते सगळं मला लागू करा, माझी हरकत नाही. नोकरी सोडावी असं एकदाही मनात आलं नाही. उलट मी सुट्ट्या घेणं सोडलं. तो 'इंदुमती' म्हणाला की मी 'सर' म्हणायची, आणि मनात म्हणायची, थांब.

मी एक वही केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रोज घरी जायच्या आधी त्या दिवशीची माणसं तिच्यात उतरवायची. नाव नाही. स्कॅनचा नंबर, वय, बाई की पुरुष, नळ्या स्वच्छ की नाहीत, आणि हृदयाच्या भिंतींचे आकडे. वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि वहीच माझ्याशी बोलायला लागली. धडधाकट माणसाचं हृदयही सगळीकडून सारखं रक्त पीत नाही. एकाच वाफ्यात पाणी सोडलं तरी एका कोपऱ्यात जास्त बसतं, एकात कमी, तेवढ्यानं पीक जळत नाही. बायकांचे आकडे पुरुषांपेक्षा वरचे. पुढच्या भिंतीचे खालच्या भिंतीपेक्षा वरचे. नळ्या स्वच्छ असलेल्या पुरुषांत दर तिसऱ्याची खालची भिंत शंभराच्या खाली. हुपरीकरचा नियम लावला तर अर्धं कोल्हापूर गेटवर शिट्टी घेऊन बसवावं लागलं असतं.

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर वर्षातून दोनदा यायचा. शांत माणूस, हिंदीतून बोलायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो आला तेव्हा मी वही त्याच्यापुढं ठेवली. त्यानं अर्धा तास ती चाळली. म्हणाला, हे काम तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी करायला हवं होतं. प्रत्येक ठिकाणी आधी आपली निरोगी माणसं मोजायची असतात, मग आजारी ठरवायचे असतात. मी आबांचं स्कॅन काढून त्याला दाखवलं. त्यानं खालची भिंत पाहिली, नळ्या पाहिल्या, आणि हा माणूस नॉर्मल आहे, असं इतक्या सहज म्हणाला की मला रडू फुटेल असं वाटलं.

रडले नाही. त्याला चहा पाजला आणि वही कपाटात ठेवली.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरकडं जाऊन कागद आणता आला असता. मी त्याचा विचार केला आणि तो सोडला. हुपरीकर म्हणाला असता, मतभेद असतात. खांदे उडवले असते आणि जेवायला गेला असता. मला ते त्याच्याच तोंडून यायला हवं होतं, जे हसले होते त्यांच्यादेखत. मी खोटं कशाला बोलू, मला न्याय वगैरे नको होता. मला त्याचं तोंड पडलेलं बघायचं होतं.

त्यानंतर सोळा महिन्यांनी ती संधी आली, आणि ती त्यानंच आणली. सहा कारखान्यांच्या कामगारांची ही तपासणी दरवर्षी आपल्याच सेंटरला मिळावी असा त्याचा घाट होता. कारखानदारांनी खराडेसाहेबांना पुढं केलं, आणि खराडेसाहेब म्हणाले, बाहेरच्या कुणा जाणत्याचं मत घेऊ. पुण्याच्या डॉक्टर शैलजा मोडक म्हणून एक वयस्कर बाई होत्या. हृदयाची चित्रं वाचण्यात त्यांचं नाव होतं. त्यांनी पहिल्याच पत्रात इंजिनिअरचाच प्रश्न विचारला. तुमच्याकडं नॉर्मल म्हणजे काय? जुन्यांतली चाळीस निरोगी माणसं काढा. नळ्या स्वच्छ हव्यात आणि पुढच्या तीन वर्षांत हृदयाचं काहीही झालेलं नको. नावं काढून टाका, नंबर द्या, आणि आपण ती बसून वाचू.

हुपरीकरनं ते पत्र माझ्याकडं सरकवलं. "हे तू काढून ठेव. कारकुनी काम आहे."

मी एकोणचाळीस माणसं वहीतून काढली, फोन करून एकेकाची खात्री केली. चाळिसावा माझा बाप. नळ्या स्वच्छ होत्या. पावणेचार वर्षांत हृदयाचं काहीही झालं नव्हतं. बाईंच्या नियमात तो अगदी चोख बसत होता, फक्त त्याच्यावर आजाराचा शिक्का होता. मी आबांना तेवीस नंबर दिला. अगदी शेवटी ठेवला तर संशय येईल, आणि सुरुवातीला ठेवला तर हुपरीकर अजून सावध असेल, एवढा हिशेब मी केला होता.

शनिवारी सकाळी अकराला सगळे बसले. पुढं मोठा पडदा. मोडक मॅडम, हुपरीकर, खराडेसाहेब, दोन नवे शिकाऊ. आणि चित्रं पुढं सरकवायला मी. बटणं दाबायला.

मॅडमनी पहिली तीन चित्रं स्वतः समजावली. खालच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, इथं आकडा कमी दिसणं हे निरोगी माणसातही नेहमीचं आहे. थोडं शरीराच्या घडणीमुळं, थोडं मशीनच्या पाहण्यामुळं. किती कमी चालतं, तेच आज ठरवायचं. मग त्या म्हणाल्या, डॉक्टर, आता तुम्ही वाचा, मी ऐकते.

हुपरीकरमध्ये एक गुण होता, तो मी नाकारत नाही. नवी गोष्ट तो दहा मिनिटांत स्वतःची करून टाकायचा. पाचव्या नंबरपर्यंत तो मॅडमचंच वाक्य म्हणत होता, दहाव्यापर्यंत त्याला त्याचे स्वतःचे दाखले सुचायला लागले, आणि पंधराव्यापर्यंत तो खराडेसाहेबांना असं शिकवत होता, की जणू हे त्यानंच शोधून काढलंय. 'निसर्गाला फूटपट्टी लावायची नसते, साहेब.' सतरा नंबरची खालची भिंत अठ्ठ्याऐंशी होती. त्यानं ती हातानं झटकून टाकली. मी अठरा नंबर पुढं आणला. जाळ्यात मासा स्वतःहून शिरत असेल तर पाणी ढवळू नये.

मी तेवीस नंबर पडद्यावर आणला. तो निळा डाग भिंतीएवढा मोठा झाला. त्यानं नळ्या पाहिल्या, भिंती पाहिल्या आणि नॉर्मल म्हणून तो पुढं निघाला. मी बटण दाबलं नाही.

"सर, हा जरा नीट बघता का? एक्याण्णव आहे."

"मग?" तो म्हणाला. "आत्ताच अठ्ठ्याऐंशी पाहिलास ना? इंदुमती, आकड्याला घाबरायचं नसतं. नळ्या बघ, लहान पोरासारख्या आहेत."

"म्हणजे ह्या माणसाला काही आजार नाही?"

"काही नाही."

"भट्टीवर काम करायला चालेल?"

खराडेसाहेबांनी मान वर केली. हुपरीकरला अजून काही कळलं नव्हतं. पुण्याच्या बाईंसमोर आपली टेक्निशियन प्रश्न विचारतेय, आपण समजावून सांगतोय, हे त्याला बरं दिसत होतं.

"चालेल की. का नाही चालणार?"

"नदीत पोहायला?"

आता मात्र तो थांबला. 'पोहायला' हा शब्द त्याच्या डोक्यात कुठंतरी जाऊन लागला असावा. मी फायलीतून तो जुना रिपोर्ट काढला. हुपरीकरकडं दिला नाही. खराडेसाहेबांच्या हातात दिला आणि म्हटलं, साहेब, तेवीस नंबरचा रिपोर्ट आहे, जरा मोठ्यानं वाचता का?

खराडेसाहेबांनी वाचला. वरचं नाव वाचताना त्यांचा आवाज अडखळला, कारण त्याच माणसानं सकाळी त्यांच्या गाडीला गेट उघडलं होतं. 'जड काम, जड उचलणे, उष्णतेजवळ काम व पोहणे वर्ज्य' इथपर्यंत आल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि हुपरीकरकडं नुसतं पाहिलं.

हा क्षण मी पावणेचार वर्षं मनात घोळवला होता. तो पांढरा पडेल असं मला वाटायचं. तो लाल झाला. आधी कान, मग गळा. चष्मा काढून त्यानं टायनं पुसला, परत घातला, आणि त्या वेळी जेवढं माहीत होतं तेवढ्यावर, असं काहीतरी सुरू केलं. मी त्याला ते वाक्य पुरं करू दिलं नाही.

"त्या वेळी मी सांगितलं होतं, सर. ह्याच खोलीत. बटणं दाब म्हणालात. हे सगळे हसले होते."

शिकाऊ नवे होते, ते बिचारे हसले नव्हते. पण खराडेसाहेबांनी मान खाली घातली, आणि मला जे हवं होतं ते मला मिळालं. अगदी पोटभर मिळालं. कुणाच्याही दुःखानं मला इतका आनंद त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

मोडक मॅडम हुपरीकरला सोडून माझ्याकडं वळल्या.

"हा नंबर तुम्ही मुद्दाम घातलात?"

"हो. पण नियमात बसतो. नळ्या स्वच्छ आहेत, तीन वर्षांत काही झालेलं नाही."

त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि बसतो म्हणून मान हलवली. मग विचारलं, "वडिलांना हे माहीत आहे?"

"अजून नाही."

"मग तुम्ही अजून इथं का उभ्या आहात?"

मला वाटलं, बाई मायेनं बोलल्या. मी त्यांच्याकडं बघून हसलेसुद्धा.

जायच्या आधी मी हुपरीकरकडून लिहून घेतलं. त्याच्याच नावाच्या कागदावर, त्याच्याच हातानं, आणि मराठीत, कारण आबांना वाचता यायला हवं होतं. पूर्वीचा रिपोर्ट चुकीचा होता, हृदय निरोगी आहे, सर्व कामास हरकत नाही. सही करायला गेला तेव्हा मी म्हटलं, पोहण्यास हरकत नाही, हेही लिहा. त्यानं लिहिलं. पेन दोनदा कागदात अडकलं. पुढं त्यानं मला नोकरीवरून काढलं नाही, तेवढी छाती त्याला नव्हती. वर्षभरानं मीच सोडलं. आबाही परत भट्टीवर गेले आणि रिटायर होईपर्यंत तिथंच राहिले. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी स्टँडवर किलोभर जिलेबी घेतली आणि गावची बस धरली. साडेचारला घरी पोचले. आबा गेटवरची पाळी संपवून सोप्यात पोत्यावर बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होते. आई चुलीपुढून उठून आली. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, वाचा.

त्यांनी बोट फिरवत वाचला. परत वाचला. मग विचारलं, "नदीतबी?"

"नदीतपण. शेवटच्या ओळीत बघा."

आई देव्हाऱ्याकडं हात जोडून रडायला लागली. आबांनी खिशातली गोळ्यांची डबी काढली, तिच्याकडं बघितलं, आणि शेजारी जमिनीवर ठेवली. मग ते हसले. तो हसणारा माणूस मी चार वर्षांत पाहिला नव्हता, आणि मला चेव आला. मी पदर खोचून सगळं सांगायला बसले. खराडेसाहेबांनी कसं वाचलं, हुपरीकरचे कान कसे तापले, चष्मा कसा पुसला, पेन कसं अडकलं. आई मध्येमध्ये डोळे पुसत हसायची, परत सांग म्हणायची. मी परत सांगितलं. वही सांगितली, वाफ्यातलं पाणी सांगितलं. म्हटलं, आबा, तो इंजिनिअर आला होता ना दसऱ्याला, त्यानं तर नुसतं बघूनच सांगितलं, की हा माणूस नॉर्मल आहे.

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कुठल्या दसऱ्याला?"

"हा नव्हे, त्याच्या आदला."

"आन् तुला पटलं हुतं, त्याचं?"

"पटलं होतं की. वहीतसुद्धा तेच होतं. पण नुसतं पटून काय उपयोग, आबा? हुपरीकरच्या तोंडून यायला हवं होतं. लोकांसमोर."

जिलेबीचा पुडा आईनं सोडला होता, त्यातली एक तिनं त्यांच्यापुढं धरली. ती त्यांनी घेतली नाही. शेंगांची टरफलं हातानं एकीकडं सारली, जागा साफ केली.

"म्हातारी गेली कवा?"

म्हातारी म्हणजे माझी आजी, आबांची आई. पंचाण्णव वर्षांची होऊन गेली होती. मी म्हटलं, श्रावणात. म्हणताना माझ्या लक्षात आलं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"म्हंजे दसऱ्याच्या फुडल्या श्रावणात." आबा अगदी हळू बोलत होते, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. "थोरल्या दादानं मडकं धरलं. खांदा माझा हुता. धाकट्याचा आसतोय. मी फुडं सरलो, तर भावकी म्हणाली, ज्ञानू, तुझं हार्ट. मी म्हनलं आसूं दे, एवढी माझी आई न्हेतो. तवा माझा दंड कुणी धरला?"

आई माझ्याकडं बघायला लागली.

"डाक्टरला म्हाईत न्हवतं, इंदे. तुला म्हाईत हुतं."

दंड मीच धरला होता. दारात, तिरडी उचलत असताना, सगळ्या गावादेखत. आणि नुसता धरला नव्हता. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलंही होतं, "आबा, तुम्ही नको. जड आहे."